सही सिस्टरची, अधिकार कुणाचा?

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. आत सतरा बाळं होती. सात बाहेर काढता आली, दहा गेली. मंत्री आले, समिती बसली, अहवाल आला. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांना कामावरून काढलं आणि पुढच्या महिन्यात पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला, अकरा रुग्ण दगावले. अटक झाली एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात. तेव्हा एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करून घेतलं आणि त्याचं चित्रीकरण राज्यभर फिरलं. २०२५ मध्ये इंदूरच्या सरकारी रुग्णालयात नवजात कक्षातल्या दोन बाळांना उंदीर चावले, दोन्ही बाळं दगावली. निलंबनाच्या पहिल्या आदेशांत परिचर्या अधिकारी होत्या.

दर वेळी पुढची चर्चा ठरलेल्या दोन रुळांवरून धावते. एका बाजूला संतापलेले लोक म्हणतात, सिस्टर मोबाइलवर असतात, रात्री झोपतात, दोघी-चौघींना आत टाका म्हणजे बाकीच्या सरळ होतील. दुसऱ्या बाजूने उत्तर येतं, अहो, चौघींचं काम एकटी करते ती, कोविडमध्ये जिच्यासाठी थाळ्या वाजवल्या तिलाच आज गुन्हेगार ठरवता? पहिल्या बाजूला वाटतं की कडक शिक्षा झाली की मानकं आपोआप पाळली जातील. दुसऱ्या बाजूला वाटतं की कामाचा ताण सांगितला की मानकांचा प्रश्न विचारायचं कारणच उरत नाही. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि या चुकीची किंमत जे बोलू शकत नाहीत ते जीव मोजतात, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगतो. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात सुरक्षेची मानकं पाळली गेलीच पाहिजेत, ती मोजली गेली पाहिजेत आणि त्याचा जाब परिचारिकेलाही द्यावा लागला पाहिजे. यात सवलत नको. पण ज्या माणसाला चूक होताना दिसते आणि ती थांबवायचा अधिकार नाही, त्याच्याकडून मानकं पाळून घेता येत नाहीत, फक्त कागदावर सही घेता येते. आपल्याकडची व्यवस्था आज नेमकं हेच करते: सही सिस्टरची घेते आणि थांबवायचा अधिकार तिला देत नाही.

आधी मानक म्हणजे काय ते पाहू, कारण या वादात बोलणाऱ्या बहुतेकांनी काचेच्या त्या बाजूला कधी पाऊल ठेवलेलं नसतं. ‘बाळ काचेत ठेवलंय’ असं आपण घरात सांगतो. समजा, काचेतलं बाळ बाराशे ग्रॅमचं आहे. त्याला ॲमिकासिन हे प्रतिजैविक द्यायचं आहे, किलोमागे पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे अठरा मिलिग्रॅम. बाजारात या औषधाच्या कुप्या १००, २५० आणि ५०० मिलिग्रॅमच्या मिळतात आणि तिन्हींत द्रव मात्र दोनच मिलिलिटर. शंभराच्या कुपीतून अठरा मिलिग्रॅम म्हणजे ०.३६ मिलिलिटर. आता भांडारातून शंभराऐवजी पाचशेची खोकी आली आणि सवयीने ०.३६ मिलिलिटरच ओढलं, तर बाळाच्या अंगात नव्वद मिलिग्रॅम गेलं, पाचपट. हे औषध मूत्रपिंडावर आणि ऐकण्याच्या नसेवर परिणाम करणारं आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत पाचपट किंवा दहापट चूक करायची तर एकामागून एक कुप्या फोडाव्या लागतात, आणि तिसरी-चौथी फोडताना कुणाचाही हात थबकतो. बाळाच्या बाबतीत पाचपट चूक त्याच एका कुपीत आणि त्याच एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये मावते. ती हाताला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. कुपी बदलते किंवा दशांशचिन्ह एक घर सरकतं आणि कक्षात कसलाही आवाज होत नाही.

म्हणून नियम आहे की असं औषध दोघींनी तपासायचं. तपासायचं म्हणजे दुसरीने पहिलीच्या आकड्याखाली सही करायची नाही, स्वतः वजन पाहायचं, स्वतः हिशेब करायचा, स्वतः कुपीवरची अक्षरं वाचायची आणि मग दोन्ही उत्तरं जुळवायची. पोटॅशियम, हेपॅरिन, इन्शुलिन, गुंगीची औषधं यांच्या बाबतीत तर हे जीवन-मरणाचं आहे. असे नियम एक-दोन नाहीत. मनगटावरची पट्टी आणि नोंदणी क्रमांक दोन्ही जुळल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. व्हेंटिलेटरवरच्या मुलाची उशाची बाजू वर उचललेली हवी. सेंट्रल लाइनचं, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं, तोंड घासून पुसल्याशिवाय उघडायचं नाही. सलाईनची जागा सुजली का ते तासातासाला बघायचं, कारण बाळाची कातडी एका रात्रीत जळते. मुलाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर हात स्वच्छ करायचे. यातलं एकेक काम क्षुल्लक वाटतं, पण आधीच आजारी असलेल्या मुलाच्या रक्तात जंतू शिरतात ते याच क्षुल्लक फटींतून.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि ते कमी नाही. हलगर्जी होते. दर तासाला लिहायचे नाडीचे, श्वासाचे, ऑक्सिजनचे आकडे पहाटे एका बैठकीत खाली उतरवलेले मी स्वतः पाहिले आहेत. रात्री एक ते पाच सगळं इतकं एकसारखं की खऱ्या बाळाचं ते असूच शकत नाही. अलार्म सतत वाजतो म्हणून आवाज बंद करून ठेवलेला मी पाहिला आहे. भंडाऱ्यात आग लागली त्या वेळी कक्षात कुणीच नव्हतं, हा चौकशीतला ठपका आहे. वॉर्मरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली, बाळं असताना कक्ष रिकामा ठेवणं हे कुठल्याही मानकात बसत नाही, आणि परिचारिकांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे वाक्य गिळून टाकू नये. आणखी एक मुद्दा तर फार बळकट आहे. तोच कक्ष, तेवढीच माणसं, तीच टंचाई, पण एका शिफ्टमध्ये काम चोख होतं आणि दुसरीत होत नाही. मग टंचाईचं कारण कुठे गेलं? हात चोळायला पंचवीस सेकंद लागतात, त्याला कुठला निधी लागतो?

हा शेवटचा प्रश्न मी गंभीरपणे घेतो, कारण तो विचारणारा माणूस बहुधा त्या बाळाचा बाप असतो. हिशेब करून पाहू. एका गंभीर बाळामागे तासाला दहा वेळा हात स्वच्छ करायची वेळ येते असं धरू, हे जास्त नाही. एका परिचारिकेकडे चार बाळं असतील तर चाळीस वेळा. प्रत्येक वेळी पंचवीस सेकंद म्हणजे हजार सेकंद, तासातली जवळजवळ सतरा मिनिटं निव्वळ हात चोळण्यात. उरलेल्या त्रेचाळीस मिनिटांत चार बाळांची औषधं, दूध, सलाईन, नोंदी, नव्या बाळाची भरती, बाहेर थांबलेल्या आजीचे प्रश्न आणि डॉक्टरांचा फोन. दोनच बाळं असती तर हाच नियम आठ-नऊ मिनिटांत बसतो. म्हणजे पंचवीस सेकंदांचा प्रश्न खरं तर किती बाळांमागे किती माणसं हा प्रश्न आहे. सेकंद फुकट असतात असं वाटतं, पण ते कुणाच्या तरी पगारातून विकत घ्यावे लागतात.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ मध्ये हे नीट मोजलं गेलं. जिथे हात स्वच्छ करायला हवे होते तिथे ते झाले फक्त ४८ टक्के वेळा. आणि जिथे रुग्ण सर्वांत नाजूक, त्या अतिदक्षता विभागात ३६ टक्के. कामाचा रेटा जितका जास्त, तितकं पालन कमी, हे आकड्यांत स्पष्ट उतरलं. आपल्या चर्चेत कधीच येत नाही अशी एक गोष्टही त्यात होती: परिचारिकांचं पालन ५२ टक्के होतं, डॉक्टरांचं ३० टक्के. मग तिथे उपाय म्हणून निलंबनं केली का? नाही. दूरच्या बेसिनपर्यंत जायला लागू नये म्हणून खाटेखाटेला अल्कोहोलची बाटली लावली, फलक लावले, मोजलेले आकडे कर्मचाऱ्यांपुढे पुन्हा पुन्हा ठेवले, आणि रुग्णालयाचे वरिष्ठ स्वतः त्यात उतरले. १९९७ पर्यंत पालन ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचं प्रमाण १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. माणसं बरीचशी तीच होती. बदलली होती त्यांच्या हाताशी असलेली बाटली आणि त्यांच्याकडे बघणारी नजर. एका शिफ्टमध्ये काम चोख आणि दुसरीत नाही, याचंही उत्तर मला इथेच दिसतं. चोख शिफ्टमागे बहुतेक वेळा एक इनचार्ज सिस्टर असते, जी रागावते पण पाठीशीही उभी राहते. तिच्या शिफ्टमध्ये नियम विचारणं हा उद्धटपणा ठरत नाही. अशा इनचार्ज कशा घडतात, कुठे टिकतात आणि का सोडून जातात, हे राज्यातल्या कुठल्या समितीने कधी विचारलं आहे का?

पण शिक्षेची भीती नसेल तर मानकं पाळणार कोण, असं विचारणारे पुष्कळ आहेत. माझं उत्तर मुंबईच्या केईएममधलं आहे. त्या रुग्णालयातल्या अरुणा शानभाग या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथेच अमानुष हल्ला झाला आणि त्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या. जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी, एक पिढी निवृत्त झाली की पुढच्या पिढीने, त्यांची शुश्रूषा केली. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आवर्जून नोंदवलं की एवढ्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोर झाला नाही. ज्यांच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे त्यांना याचा अर्थ कळेल. दर दोन तासांनी कूस बदलणं हे परिचर्येचं सर्वांत साधं मानक आहे आणि सर्वांत कंटाळवाणं. कुठल्या निलंबनाच्या भीतीने ते चार दशकं पाळलं गेलं? त्या बाईंची जबाबदारी परिचारिकांनी आपली मानली होती, आणि त्या एका खोलीत त्यांचं म्हणणं शेवटचं होतं. मी हे उदाहरण सेवाभावाची आरती ओवाळायला देत नाही. सेवाभावाच्या नावाखाली परिचारिकांकडून दुप्पट काम उपटण्याची आपली जुनी सवय आहे. एका रुग्णासाठी जे झालं ते ठासून भरलेल्या कक्षात नुसत्या मायेवर होणार नाही. पण कष्टाची मानकं भीतीविना पाळली जात नाहीत, हा समज तरी यातून खोटा ठरतो.

भीतीने काय होतं हेही माहीत आहे. सिएटलच्या बाल रुग्णालयात २०१० मध्ये एका अतिशय अनुभवी परिचारिकेकडून अतिदक्षता विभागातल्या बाळाला कॅल्शियमची मात्रा दहापट गेली. पुन्हा तेच दशांशचिन्ह. चूक लक्षात येताच तिने स्वतः सगळ्यांना सांगितलं. ते बाळ काही दिवसांनी गेलं. पंचवीसेक वर्षांच्या नोकरीनंतर तिला काढून टाकलं गेलं आणि २०११ च्या एप्रिलमध्ये तिने आपलं आयुष्य संपवलं. त्या रुग्णालयातल्या बाकीच्या परिचारिका यातून काय शिकल्या असतील? हिशेब नीट करायला, की चूक झाली तर गप्प राहायला? अठरा मिलिग्रॅमऐवजी भलतंच गेलं आणि सुदैवाने बाळाला काही झालं नाही, अशा रात्री कुठल्याही कक्षात येतात. ती रात्र सकाळी शिफ्ट बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये सांगितली गेली तर भांडारातली पाचशेची खोकी त्याच दिवशी परत जाते. लपवली गेली तर ती खोकी दुसऱ्या बाळाची वाट बघत कपाटात राहते.

आणि आपला कायदा तर तिला गप्प राहायलाच सांगतो. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्याबद्दल डॉक्टरांवर फौजदारी कारवाई करण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, अटक सरसकट करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं. ते योग्यच होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, मात्र नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना तसं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. या सवलतीची व्याख्या डॉक्टरांच्या नोंदणीपुरती आहे. म्हणजे एकाच खाटेजवळ, एकाच बाळावर उपचार करताना, मात्रा चुकीची लिहिणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षं आणि ती लिहिलेली मात्रा देणारीला पाच. डॉक्टरांना मिळालेलं संरक्षण काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांच्या डोळ्यांपुढे खाटेजवळची दुसरी व्यक्ती होती का? परिचारिका संघटनांनी वेतनश्रेणीइतक्याच जोराने हा प्रश्न का लावून धरू नये?

इथून मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. कोकण रेल्वेच्या मार्गावर पावसाळ्यात गस्तीची माणसं रात्रभर रुळांवरून चालतात. दरड, माती, झाड, काहीही दिसलं तर त्या माणसाने लाल दिवा दाखवायचा आणि गाडी थांबवायची. गाडी कुठली, आत कोण बसलंय, किती उशीर होईल, हे त्याने विचारायचं नाही. गाडीचा चालक त्याच्याहून वरच्या हुद्द्याचा आणि कितीतरी जास्त पगाराचा आहे, तरी दिवा लाल दिसला की तो ब्रेक लावतो. रुळावरची दरड त्या माणसाने चुकवली तर त्याला जाब विचारणं न्याय्य आहे, कारण त्याच्या हातात दिवा दिलेला आहे. आता काचेजवळच्या सिस्टरकडे बघा. वरिष्ठ डॉक्टर हात न चोळता बाळाकडे वळले तर तिच्या हातात काय आहे? चार बाळं असताना पाचवं आणून ठेवलं तर तिने कोणता दिवा दाखवायचा? वॉर्मरची वायर गरम होते हे तिने वहीत तीनदा लिहिलं आणि कुणी फिरकलं नाही, तर तो वॉर्मर बंद करायचा अधिकार तिला कुणी दिला आहे?

असा अधिकार दिला की काय होतं याचा दाखला मिशिगनमध्ये आहे. २००४ नंतर त्या राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइन घालतानाची पाच कामं ठरवली: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आवरण, कातडी क्लोरहेक्सिडिनने स्वच्छ करणं, जमेल तिथे जांघेची शीर टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. यात नवं काही नव्हतं, प्रत्येक डॉक्टरला ते पाठ होतं. नव्या गोष्टींत एक मोठी ही होती की यातली पायरी गाळली गेली तर परिचारिकेने डॉक्टरला थांबवायचं, आणि व्यवस्थापन तिच्या बाजूने उभं राहील, हे आधी जाहीर केलं होतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लाइनमधून रक्तात जाणारा संसर्ग दोन-तृतीयांशापर्यंत घटला आणि दीड वर्ष तो तसाच खाली राहिला. परिचारिकांना आणखी एक प्रशिक्षण, आणखी एक शपथ, भिंतीवर आणखी एक तक्ता, एवढ्यावर आपण थांबतो, कारण तक्ता लावायला हुद्द्यांची उतरंड हलवावी लागत नाही.

माझ्या बहिणीची नात एकतिसाव्या आठवड्यात जन्मली आणि एका खासगी रुग्णालयात एकोणीस दिवस काचेत होती. तिथे तेवीस-चोवीस वर्षांची एक सिस्टर होती. एका सकाळी राउंडवर आलेले मोठे डॉक्टर थेट बाळाच्या पोटावर हात ठेवायला गेले, तेव्हा तिने काही न बोलता सॅनिटायझरची बाटली त्यांच्या हातापुढे धरली. ते थांबले, हात चोळले, तपासणी केली. जाताना इनचार्जला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. चार दिवसांनी ती त्या कक्षात नव्हती. जनरल वॉर्डला पाठवलंय, एवढंच कळलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमचं बाळ सुखरूप घरी आलं होतं आणि मला तेवढं पुरेसं वाटलं. ते विचारायला हवं होतं, याची टोचणी अजून आहे.

आपल्याकडे असं चालणार नाही, असं अनेक डॉक्टर मित्र सांगतात. संकटाच्या क्षणी कक्षात एकच आवाज हवा, प्रत्येक जण थांबवायला लागला तर मूल हातचं जाईल, असा त्यांचा मुद्दा आहे. हृदय थांबलेल्या बाळाभोवती वाद घालत बसू नये हे खरंच आहे. पण लाइन घालणं, औषध मोजणं, नवं बाळ भरती करणं, यंत्र चालू ठेवणं हे बहुतेक वेळा सावकाशीचे क्षण असतात, आणि संकटाचे क्षण पुष्कळदा याच सावकाशीच्या क्षणांत पेरले जातात. आणि एकच आवाज हवा म्हणताना तो चुकला तर काय, याचं उत्तर कोण देणार? बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्ससारख्या नामांकित रुग्णालयात २००१ मध्ये जोसी किंग ही दीड वर्षाची मुलगी भाजण्यातून बरी होत असताना पाण्यावाचून आणि चुकीच्या वेळी दिलेल्या वेदनाशामकामुळे दगावली. तिला तहान लागलीय, तिचं काहीतरी बिघडतंय, हे तिची आई वारंवार सांगत होती. ऐकणारी व्यवस्था नव्हती. पुढे त्या आईने रुग्णालयाबरोबरच रुग्णसुरक्षेचं काम उभं केलं. आपल्या काचेबाहेर ताटकळणाऱ्या आया किती वेळा हेच सांगत असतात, आणि आपण त्यांना ‘बाहेर बसा’ म्हणतो.

पैशांचा आक्षेप मी थोडक्यात घेतो, कारण तो जितका मोठ्याने मांडला जातो तितका मजबूत नाही. व्हेंटिलेटरवरच्या मुलामागे एक परिचारिका हे प्रमाण श्रीमंतांची चैन आहे, असं म्हटलं जातं. पण ज्या बाळाच्या रक्तात लाइनमधून जंतू जातात ते आणखी कितीतरी दिवस खाट अडवतं, महागडी प्रतिजैविकं घेतं, आणि तो खर्च कुणी परिचारिकेच्या पगाराच्या रकान्याशेजारी मांडत नाही. कॅलिफोर्नियाने अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे दोनहून जास्त रुग्ण देता येणार नाहीत असं कायद्याने ठरवलं. आपण उलट दिशेने जातो. २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा त्यांची मुख्य हरकत बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीला होती. बातम्यांत तो पगाराचा संप म्हणून गुंडाळला गेला. अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी मोठ्या डॉक्टरांपुढे बाटली धरेल का, हा त्या संपातला खरा सुरक्षेचा प्रश्न होता.

परिचारिकांच्या संघटनांशीही माझं भांडण आहे. कक्षाची तपासणी, निरीक्षण, ऑडिट असा शब्द निघाला की त्यांच्याकडून पहिली प्रतिक्रिया विरोधाची येते. भीती समजते, कारण आकडे आजवर नोटीस काढायलाच वापरले गेले. तरीही हा विरोध परिचारिकांच्याच मुळावर येतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा आपण शपथविधीला पेटवतो, पण त्यांचं खरं शस्त्र वही होती. क्रिमियन युद्धात, फेब्रुवारी १८५५ मध्ये, तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात दाखल होणाऱ्या शंभरातले चाळीसहून अधिक मरत होते, जूनपर्यंत हे प्रमाण दोनाच्या आसपास आलं. मध्ये काय झालं? स्वच्छता आयोग आला, गटारं उपसली, पाणी आणि हवा खेळती केली. नाइटिंगेल यांच्या परिचारिका त्याआधीही तितक्याच राबत होत्या. पुढे नाइटिंगेल यांनी हेच आकडे मांडून सरकारला दाखवलं की माणसं मारणारी गोष्ट इमारतीत होती. आकडे नसते तर तो हिवाळा परिचारिकांच्या नावावर लागला असता. हात किती वेळा स्वच्छ झाले, कोणत्या रात्री एका सिस्टरकडे किती बाळं होती, किती वेळा यंत्राची तक्रार लिहिली आणि किती दिवसांनी माणूस आला, हे सगळं कक्षानिहाय, महिन्यागणिक रुग्णालयाच्या दारावर लागलं पाहिजे, आणि ही मागणी परिचारिकांनीच करायला हवी. यात त्यांची चूकही दिसेल. दिसू दे. पहाटे बसून भरलेला चार्ट उघडा पडेल, तसाच पाचव्या बाळाचा दाखलाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या रुग्णसुरक्षा दिनाचा विषय नवजात आणि लहान मुलांची सुरक्षित शुश्रूषा असा ठेवला होता. तो दिवस पाळायचा असेल तर शासनाने एक आदेश काढावा: हात, मात्रा, लाइन, भरती आणि यंत्र या पाच बाबतींत नवजात आणि बाल अतिदक्षता कक्षातल्या ड्यूटीवरच्या परिचारिकेचं ‘थांबा’ हे अंतिम असेल, आणि त्याबद्दल तिची बदली, नोटीस किंवा करारसमाप्ती करता येणार नाही. प्रत्येक कक्षात त्याची नोंदवही असावी: कुणी थांबवलं, कशासाठी, आणि पुढे काय झालं. तरीही जी परिचारिका कक्ष सोडून जाईल, न मोजता आकडे लिहील, अलार्म बंद करून बसेल, तिच्यावर जरूर कारवाई व्हावी. मग ती न्याय्य असेल. पुढच्या आगीनंतर चौकशी समिती बसेल तेव्हा तिने आधी ती वही मागवावी आणि त्या रात्रीच्या परिचारिकेने त्याआधी किती वेळा, कुणाला, कशाबद्दल थांबा म्हटलं होतं ते वाचावं. असा रकाना असलेला एकही चौकशी अहवाल मी अजून वाचलेला नाही.